कॉस्टिक सोड्यातले कडबोळे

प्रत्येक गावाने काही पदार्थ घराबाहेर ठेवलेले असतात. ते घरी करता येत नाहीत असे नाही. पण करायचे नाहीत, असा एक अलिखित करार असतो. आपल्याकडे पाव कुणी घरी भाजत बसत नाही. बत्तासे कुणी घरी पाडत नाही. मी गेली चौदा वर्षे जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, स्टुटगार्ट शहरात राहते. इथे हा मान ब्रेत्सेलला आहे.

इंग्रजी जाणणारे त्याला प्रेट्झेल म्हणतात. मैद्याच्या घट्ट कणकेची हातभर लांब वळी घ्यायची, तिची दोन्ही टोके एकमेकांत गुंतवून एक पीळ द्यायचा आणि ती परत वळवून मधल्या जाड भागावर चिकटवायची. हाताची घडी घालून बसलेल्या माणसासारखे ते दिसते, आणि त्याचे नावही 'हात' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले असे सांगतात. वरून तांबूस तपकिरी, वार्निश दिल्यासारखे चकचकीत कातडे. आत पांढराशुभ्र मऊ पाव. आणि वर जाड्या मिठाचे खडे. पदार्थ फार जुना. बाराव्या शतकात आल्सेसमधल्या हेराड नावाच्या मठाधिपती बाईंनी 'होर्टुस डेलिसिआरुम' हे मोठे सचित्र हस्तलिखित तयार करवले. त्यातल्या मेजवानीच्या एका चित्रात टेबलावर ब्रेत्सेल मांडलेले दिसते. मूळ पोथी १८७० साली स्ट्रासबुर्गच्या वेढ्यात जळाली, पण चित्रांच्या नकला राहिल्या. म्हणजे पोथी गेली आणि फराळ राहिला!

शेजारच्या बव्हेरियातले लोक या पदार्थावर आपला हक्क सांगतात. त्यांच्या ब्रेत्सेलचे हात जाड, आणि पोट भट्टीत आपोआप फुटते. आमच्या श्वाबेन प्रांतातल्या ब्रेत्सेलचे हात बारीक आणि कुरकुरीत, पोट गुबगुबीत, आणि पोटावर पात्याने दिलेली एक आडवी चीर. २०१४ साली बव्हेरियाच्या ब्रेत्सेलला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हा हा विषय आमच्या जिन्यात न काढलेला बरा. घरोघरी भांडण मात्र एकच असते: हात कुणाला आणि पोट कुणाला. माझी लेक हात मोडून खाते आणि पोट बापाच्या ताटलीत सरकवते. ती नऊ वर्षांची आहे, तेव्हा हा न्याय अजून काही वर्षे तरी चालेल.

असे हे ब्रेत्सेल इथे स्टेशनावर मिळते, शाळेच्या कोपऱ्यावर मिळते. मधोमध कापून आत लोणी भरलेलेही मिळते. तुम्ही म्हणाल, मग बाई, तुला ते घरी करण्याची अवदसा का आठवली? सांगते, पण त्यासाठी मला आधी कढईबद्दल बोलले पाहिजे.

गेल्या वर्षी फाल्गुनात माझे वडील गेले. ज्या घरातले माणूस वर्षाच्या आत गेलेले असते, त्या घरी दिवाळीला कढई चढत नाही. मुलाबाळांचे तोंड गोड व्हायचे राहत नाही. पण तो फराळ शेजारीपाजारी आणि सोयरेधायरे आणून देतात. हा रिवाज ज्याने कुणी घातला त्याला दुःखाची चांगली जाण असली पाहिजे. त्या घरातली चूल सणाला थंड राहावी, आणि त्याच दिवशी दार मात्र दहा वेळा वाजावे, अशी ती योजना आहे.

गणपती झाल्यावर आई माझ्याकडे आली. व्हिसा एका वेळी नव्वद दिवसांचा. नव्वद दिवस माझ्याकडे, मग काही महिने दादाकडे बंगळूरला, मग पुन्हा इकडे. आणि सांगलीच्या घराला गिऱ्हाईक पाहायचे, असे आम्ही बहीणभावांनी फोनवर ठरवले होते. आई 'बरं' म्हणाली होती. माझ्या आईचे 'बरं' हे खोल विहिरीसारखे आहे. आत टाकलेल्या दगडाचा आवाज यायला फार वेळ लागतो.

इथे आल्यावर ती खिडकीशी बसू लागली. माझी काचेची शेगडी तिला दोन दिवसांत कळली होती, पण तिने तिला हात लावला नाही. पन्नास वर्षे सकाळी उठून दुसऱ्या माणसाचा चहा आधी टाकायची सवय. आता नुसता स्वतःपुरता टाकायचा, तर तिचे साखरेचे मापच चुके. मी कामावर जाताना ती खिडकीशी असे आणि परत येताना खिडकीशीच. तिचे हात मांडीवर असत. ते हात मी जन्मात असे रिकामे पाहिले नव्हते.

तिला पहिल्यांदा उठवले ते आमच्या जिन्याने. श्वाबेनमध्ये केअरवोखे नावाची प्रथा आहे. इमारतीतला जिना झाडण्याची पाळी आठवड्याआठवड्याने एकेका बिऱ्हाडाकडे येते, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर तशी पाटी अडकवतात. आमच्या दारावर पाटी आली, आईने तिचा अर्थ विचारून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो ही पदर खोचून जिन्यावर! तळमजल्यावरच्या बाई दार उघडून पाहत उभ्या राहिल्या. माझ्या झाडण्याबद्दल चौदा वर्षांत जो भाव त्यांच्या चेहऱ्यावर कधी उमटला नव्हता, तो त्या दिवशी उमटला.

या बाई आईपेक्षा चारपाच वर्षांनी मोठ्या. त्यांचा नवरा बेकरीवाला होता. तो गेला, दुकान मिटले, आणि आता त्या जागेत बायकांची नखे रंगवून मिळतात. लहान बेकऱ्या इथे एकामागून एक मिटत आहेत. सुपरमार्केटात गोठवलेली ब्रेत्सेले येतात आणि बटण दाबले की भाजून निघतात. बाई त्यांच्याकडे पाहतही नाहीत. त्या बोलतात अस्सल श्वाबी. या बोलीत कुठल्याही नामाला लाडाने 'ले' लावतात: छोटेसे घर ते 'हॉयस्ले', मुलगी ती 'मेडले', थोडेसे ते 'बिस्ले'. आईच्या बोलण्यात त्या दिवसांत 'हे गेले' फार वेळा येई. दोघी जिन्यात बोलत उभ्या असल्या, की वरून ऐकणाऱ्याला एकच भाषा चालू आहे असे वाटावे. एकीला दुसरीचे अक्षर कळत नव्हते, आणि त्या अर्धा अर्धा तास बोलत.

एकदा स्टेशनावर मी आईला लोणी भरलेले ब्रेत्सेल घेऊन दिले. तिने ते हातात फिरवून पाहिले.

"अगं, हे तर कडबोळं!"

हल्ली मराठी वर्तमानपत्रांत कडबोळे हा शब्द बहुधा पाचसहा पक्षांच्या सरकारासाठीच येतो, म्हणून नव्या वाचकांसाठी सांगते: भाजणीच्या पिठाची उकड काढून, ती मळून, करंगळीएवढी वळी करायची आणि टोके जुळवून तिचे कडे करून तळायचे, ते कडबोळे. चकलीला सोऱ्या लागतो, कडबोळ्याला नुसता हात. म्हणून चकल्या सगळ्यांच्या सारख्या. पण कडबोळे पाहून ते कुणी वळले ते ओळखता येते.

"आणि लोण्याबरोबर खातात हे लोक?" आईने विचारले. मग तिने ते कागदात गुंडाळून पिशवीत ठेवले. माझ्या वडिलांना दिवाळीत कडबोळे लोण्याच्या गोळ्याशिवाय चालत नसे.

ऑक्टोबर सरत आला. लेकीने विचारले, "आजी, चकल्या कधी?"

"यंदा कढई नाही, बाळ."

"मग ओव्हन?"

मुलांना धर्मशास्त्राच्या पळवाटा आपल्याआधी दिसतात. आई विचारात पडली. ते स्टेशनावरचे कडबोळे भट्टीतले, तळलेले नव्हे, हे तिने पुन्हा एकदा विचारून पक्के केले. मग न्यायाधीशाच्या स्वरात पुढचा प्रश्न आला: "सणाचं असतं का ते त्यांच्यात?" मी सांगितले की ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपास असतो, त्यात पूर्वी मांस, अंडी, दूधतूप सगळे वर्ज्य असे, आणि पीठ, पाणी, मीठ एवढ्यावर होणारे ब्रेत्सेल त्या दिवसांत चाले. इथून दक्षिणेला बिबेराख म्हणून गाव आहे, तिथे उपासाच्या दिवसांत खास वेगळे, फिकट ब्रेत्सेल करतात.

"उपासाचं ना? मग चालेल," आई म्हणाली. पंडितांनी हा निर्णय मान्य केला असता का, हा प्रश्न वेगळा. आमच्या घरात तेवढ्यावर निकाल लागला.

मी तळमजल्यावरच्या बाईंना विचारायला गेले. प्रमाण त्यांना तोंडपाठ होते, पण ते शेकड्याच्या हिशेबात. दहा ब्रेत्सेले करायची आहेत म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जशी एखादी आचारीण पाच माणसांच्या पंगतीकडे पाहील. अखेर भागाकार करून जे निघाले ते असे: ५०० ग्रॅम मैदा, पाव लिटरहून थोडे जास्त गार दूध-पाणी, ४० ग्रॅम लोणी, १० ग्रॅम मीठ, तेवढेच ताजे यीस्ट आणि चिमूटभर साखर. उपासाच्या मूळ नियमात हे लोणी आणि दूध बसत नाही, ही गोष्ट मी आईला सांगितली नाही.

शनिवारी दुपारी बाई आपला लाकडी पाट घेऊन वर आल्या. कणीक आईने मळली. पुरीच्या कणकेसारखी घट्ट, चांगली दहा मिनिटे, मनगटाने रेटून. यंत्र काढू का, असे मी विचारले तेव्हा दोघींनी एकदमच मान हलवली. मग दहा गोळे, गोळ्यांना थोडी विश्रांती, आणि मग वळी. इथे खरी कसोटी असते. वळी मध्ये जाड आणि टोकांकडे उंदराच्या शेपटीसारखी बारीक व्हायला हवी. लांबी दीड-दोन फूट. पाटावर पीठ भुरभुरले तर वळी नुसती घसरते, वळत नाही; कोरड्या पाटावर तळहाताला कणीक थोडी धरली पाहिजे. आईला हे कुणी सांगावे लागले नाही. बाईंनी एक वळी दोन टोकांना धरून उचलली, हवेत एक झोका दिला, आणि पोट खाली पडायच्या आत टोकांना पीळ बसलेला होता. लेकीने टाळ्या वाजवल्या. आईने नुसते "हं" म्हटले, आपली वळी पाटावरच ठेवली, दोन बोटांनी टोके फिरवली आणि दाबली. दोन्ही ब्रेत्सेले शेजारी शेजारी ठेवली तर कुठले कुणाचे हे सांगता आले असते. पण कमी कुठलेच म्हणता आले नसते.

पुढची गोष्ट आईला पटली नाही. आपण कणीक ओल्या फडक्याखाली झाकतो. वारा लागू देणे हा फूहडपणा. इथे उलट. वळलेली ब्रेत्सेले थोडी फुगली की ती उघडीच गार हवेत ठेवायची, म्हणजे त्यांच्यावर कोरडे कातडे धरते. ते धरले नाही तर पुढच्या पाण्यात ती लिबलिबीत होतात. आम्ही ती गच्चीत ठेवली. ऑक्टोबरातली स्टुटगार्टची गच्ची म्हणजे फुकटचे शीतकपाटच.

आणि ते पुढचे पाणी म्हणजे कॉस्टिक सोडा.

"मोरीत टाकतात तो?" आईने विचारले.

तोच. ब्रेत्सेलचे सगळे ब्रेत्सेलपण या पाण्यात आहे. इथले बेकरीवाले तीन-चार टक्क्यांचे पाणी करतात. म्हणजे लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त ४० ग्रॅमच्या आसपास. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधी ओतायचे नाही, कारण विरघळताना तो उसळून तापतो. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, पोरे खोलीबाहेर. त्या पाण्यात कच्ची कणीक काही क्षण बुडवली, की तिच्या कातड्यातले पिष्ट फुगून त्याची खळ होते आणि प्रथिने सुटतात. मग भट्टीतल्या उष्णतेत ते कातडे साध्या पावाच्या कितीतरी आधी आणि कितीतरी गडद तांबूस होते. तो रंग आणि तो वास यांचे मूळ तिथे आहे. उरलेला सोडा भट्टीत कर्बवायूशी मिळून साधा, निरुपद्रवी क्षार होऊन बसतो. हे सगळे मी आईला सांगत होते, तर ती म्हणाली, "म्हणजे पापडखार." आणि खरेच की! उडदाच्या पापडाचे पीठ ज्या क्षाराने बांधतात तो याच कुळातला, फक्त सौम्य. रसायनशास्त्राची माझी पंधरा वाक्ये तिने एका शब्दात आवरली.

कॉस्टिकला भिणाऱ्यांसाठी एक मधला मार्ग आहे. साधा खायचा सोडा १२० अंशांवर भट्टीत तासभर भाजायचा. त्याचे वजन तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटते आणि त्याचा धुण्याचा सोडा होतो. हॅरल्ड मॅक्गी या अमेरिकन लेखकाने २०१० साली 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये ही युक्ती लिहिली होती. तुलनेसाठी मी आदल्या आठवड्यात तशी चार करून पाहिली आणि बाईंना नेऊन दिली. त्यांनी शेवटच्या कणापर्यंत खाल्ली आणि म्हणाल्या, "छान ब्रोटले." म्हणजे, छान पाव आहे. ब्रेत्सेल हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. माझेही मत तेच आहे. घरात लहान मूल एकटे फिरत असेल तर भाजलेला सोडा वापरावा, आणि त्याला ब्रेत्सेल म्हणावे, आम्ही तक्रार करणार नाही.

सोड्याचे पाणी करायला आईने आपल्या सामानातून एक पातेले काढले. बरोबर आणलेले, हलके, सांगलीच्या भांडीबाजारातले. ते पाहून बाईंनी दोन्ही हात वर केले. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो. भांडे काळे पडते, फेस येतो आणि धातू अन्नात उतरतो. म्हणून ब्रेत्सेलला ॲल्युमिनियमचे भांडे नको, तबकही नको. पण हे आईला मराठीत सांगायचे कसे? आमच्या सांगलीकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला काय म्हणतात ते तुम्हांला ठाऊकच असेल.

"आई, जर्मनचं भांडं चालत नाही."

"जर्मनीत?" आई म्हणाली.

फाल्गुनानंतर ती प्रथमच हसली. मी ते बाईंना समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्या विनोदाला जर्मनमध्ये वाट सापडली नाही. शेवटी स्टीलचे पातेले आले.

कणीक गच्चीत गारठत होती तोवर बाईंनी ब्रेत्सेलच्या जन्माची कथा सांगितली. १४७७ च्या सुमारास उराख गावात फ्रीडर नावाचा बेकरीवाला होता. त्याच्या हातून काही गुन्हा घडला आणि काउंट एबरहार्डने त्याला पेचात टाकले: ज्यातून सूर्य तीनदा दिसेल अशी रोटी तीन दिवसांत कर, नाही तर जीव जाईल. फ्रीडरला काही सुचेना. हाताची घडी घालून उभ्या असलेल्या बायकोकडे पाहून त्याला आकार सुचला. आणि भट्टीत घालायच्या वेळी मांजराने उडी मारली, तबक कॉस्टिकच्या घंगाळात पडले. वेळ नव्हता, तशीच भाजली. बव्हेरियाची दंतकथा वेगळी. तिथे म्हणे १८३९ साली म्युनिकच्या राजेशाही कॉफीगृहात फान्नेनब्रेनर नावाच्या बेकरीवाल्याने साखरेचे पाणी समजून तबके धुण्याच्या सोड्याचे पाणी लावले.

मी भाषांतर करीत होते. आईने सगळे ऐकून घेतले.

"मांजरानं काही केलं नसेल," ती म्हणाली. "त्याच्या बायकोनंच बुडवून पाहिलं असेल मुद्दाम. आणि नवरा विचारील म्हणून नाव मांजरावर घातलं असेल."

हे मात्र जर्मनमध्ये नीट पोचले. तळमजल्यावरच्या बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. डोळे पुसून त्या म्हणाल्या की त्यांच्या दुकानाच्या पाटीवर चाळीस वर्षे नवऱ्याचेच नाव होते.

आता बुडवायची वेळ. आईने माझ्या हातून झारा काढून घेतला. तळणीवर उभे राहायचे काम तिने आजवर कुणाला दिलेले नाही. चष्मा एकच होता तो मी तिला देऊ केला, तर तिने लेकीचा पोहण्याचा निळा चष्मा चढवला. तो कडेने घट्ट बसतो म्हणाली. कोपरापर्यंत रबरी मोजे, साडीवर माझ्या नवऱ्याचे जुने ॲप्रन. एक एक ब्रेत्सेल पाण्यात सोडायचे, मनात पाच आकडे मोजायचे, उलटायचे, निथळून माझ्या हातातल्या तबकात ठेवायचे. मी मीठ भुरभुरायचे, बाईंनी पात्याने पोटावर चीर द्यायची. चौथे की पाचवे पाण्यात होते.

"डिसेंबरात मी जाईन ती सांगलीलाच," आई म्हणाली. "बंगळूरला नाही. घराला गिऱ्हाईक बघू नका."

मी काही बोलले नाही. माझ्या हातमोज्यावर ओले ब्रेत्सेल होते, आणि ते हातात असताना माणसाने दुसरीकडे पाहू नये.

"तिथं कढई चढायची आहे अजून," ती म्हणाली. "वर्ष झाल्यावर. ती मी दुसऱ्याच्या शेगडीवर चढवणार नाही."

मी तिच्याकडे पाहिले. पण पोहण्याचा निळा चष्मा लावलेल्या बाईच्या डोळ्यांत काय आहे ते दिसत नाही. मला वाटते, तिला तेच सोयीचे होते. समोरासमोर दोन खुर्च्यांवर बसून हे तिने कधी सांगितले नसते, आणि मी ते कधी मुकाट्याने ऐकले नसते. मी गुडघ्यांचे बोलले असते, रात्रीबेरात्रीचे बोलले असते, दादाचे नाव घेतले असते. ती 'बरं' म्हणाली असती. तिने सहावे ब्रेत्सेल पाण्यात सोडले. बाईंना एक शब्द कळला नव्हता. पण त्यांनी पाते खाली ठेवले होते आणि त्या थांबल्या होत्या.

२२० अंशांवर पंधरा मिनिटे. काचेतून आम्ही चौघी पाहत होतो, चौथी दारातून. पाचव्या मिनिटाला पिवळट, आठव्याला सोनेरी, आणि मग एकदम तो तांबडा रंग चढू लागला, आणि चिरेतून पांढरे पोट उमलले. वास सांगता येत नाही. भाजलेले पीठ, थोडा साबण, थोडा पहिला पाऊस. बाईंनी एक हात मोडला, कानाशी धरून त्याचा आवाज ऐकला आणि मान डोलावली. पहिले ब्रेत्सेल आईने वेगळ्या ताटलीत काढले, त्याच्या पोटाशी लोण्याचा गोळा ठेवला आणि ताटली खिडकीत नेऊन ठेवली. कुणी काही विचारले नाही.

चार दिवसांनी दिवाळी. सकाळी सातला दार वाजले. तळमजल्यावरच्या बाई, अंगावर चांगला काळा कोट, हातात पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली आठ ब्रेत्सेले, त्यांच्या स्वतःच्या ओव्हनमधली. माझ्या लेकीने जिन्यात कुणाकुणाला काय सांगितले होते कोण जाणे. दुपारी तिसऱ्या मजल्यावरचे तुर्की कुटुंब बक्लाव्याचे ताट घेऊन आले. संध्याकाळी समोरच्या बिऱ्हाडातला एकटा राहणारा पोरगा दुकानातल्या बिस्किटांचा डबा देऊन पळाला. त्या दिवशी आमचे दार चारदा वाजले. चौथ्यांदा पोस्टमन होता, पण आईने त्यालाही धरले.

रात्री मी दादाला फोन केला. तो बराच वेळ चिडला, मग बराच वेळ गप्प बसला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते, अजूनही नाही. आई डिसेंबरात सांगलीला गेली. तिचे गुडघे दुखतात, जिना तिला जड जातो, आणि तिने रात्री फोन उचलला नाही की दादा मला फोन करतो, मी तिच्या शेजाऱ्यांना करते आणि शेजारी झोपेतून उठून जातात. ती बहुधा अंगणात असते. वर्षश्राद्ध झाले. घर आहे.

यंदा कढई चढेल. तिकडेही आणि इकडेही. कारण गेल्या आठवड्यात तिने पाठवलेला भाजणीचा डबा आला. तो कस्टमच्या कचेरीत नऊ दिवस अडकला होता. ही पूड कसली, असा त्यांचा प्रश्न होता, आणि मी जर्मनमध्ये अर्धे पान लिहून तिचे समाधान केले. डब्यात आईच्या अक्षरातली चिठ्ठी होती: अर्धी भाजणी खालच्या बाईंना द्यावी. मी घेऊन गेले. बाईंनी डबा उघडला, वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवली. हे वळायचे कसे ते त्यांनी विचारले नाही. ते त्यांना ठाऊक आहे. कढई केवढी हवी, तेल किती, एवढे विचारून घेतले. मग जरा थांबून, अगदी गंभीरपणे विचारले, की याला हातमोजे आणि चष्मा लागतो का.